आपली मुले पोहायला कधी शिकणार?

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. आज ज्याला आपण गांधी मैदान म्हणतो, जिथे सभा गाजतात आणि पोरे क्रिकेट खेळतात, तिथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आली, रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम. म्हणजे कपिलतीर्थात मेथीची पेंडी निवडणारी माउली आणि स्टेडियमवर फुटबॉलला ओरडणारा तिचा मुलगा, दोघेही जुन्या तळ्याच्या तळाशीच उभे असतात म्हणा ना. इतकी तळी बुजवूनही रंकाळा, कोटीतीर्थ, कळंबा, राजाराम तलाव एवढे पाणी शहराच्या अंगाला अजून आहे. शिवाय वळसा घालून जाणारी पंचगंगा आहेच.

आणि अशा या पाणीदार गावात राहून आपल्या घरांतून पोहता येणारी माणसे किती निघतील? गेल्या वर्षी जयंतीच्या तयारीच्या बैठकीत आम्ही सहज हा प्रश्न विचारला. तरुण पोरांतले काही हात वर झाले, तेही थोडे बिचकतच. महिला मंडळाच्या बाजूने एकच हात वर आला, तो पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा. सगळे हसले. आजी म्हणाल्या, "आमच्या येळंला विहिरीच्या काठाला उभं ऱ्हाऊ देत न्हवते, बाबा. वड्यात म्हशी धुवाय न्यायचो, त्यांच्या शेपटीला धरून पवाय शिकलो. पोरीच्या जातीनं पाण्यात उतरू ने असं आईला वाटायचं, पर म्हस काय कुणाचं ऐकतीया?"

आजींचे बोलणे ऐकून आमच्या मनात आले की हा विषय एकदा आपल्या साप्ताहिकात सविस्तर मांडावा. कारण पोहणे ही केवळ हौस नाही. खेड्यात मूल पोहायला शिकते ते गावच्या विहिरीत. मोठा भाऊ किंवा चुलता पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतो आणि वरून ढकलून देतो. चार दिवस नाकातोंडात पाणी जाते, पाचव्या दिवशी पोर मुटका मारायला लागते. ज्यांना त्या विहिरीला शिवायची बंदी होती, त्यांना भोपळा कोण बांधणार? बापाला येत नाही म्हणून मुलाला येत नाही, आणि आईला पाण्याची भीती म्हणून मुलीला काठावर सुद्धा फिरकू दिले जात नाही. बंदी उठून कितीतरी वर्षे झाली, भीती मात्र वारशाने चालत आली.

सहलीला गेले आणि तळ्याकाठी अडवले

महाडचा इतिहास आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडावे लागले. पण दुसरी एक घटना फारशी सांगितली जात नाही, आणि ती तर सहलीचीच आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळ, औरंगाबादकडे प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गलका झाला, लोक जमले आणि अंगावर आले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नयेत म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला! परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला बॅरिस्टर, सुट्टीत चार मित्रांबरोबर किल्ला बघायला जातो आणि त्याच्या मागे पाण्यासाठी पहारा. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आपल्या करवीर नगरीचा इतिहासही पाण्याने भिजलेला आहे. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवल्याबद्दल बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना चहाचे हॉटेल काढून दिले. नुसते काढून दिले नाही, तर स्वतः तिथे थांबून चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढून संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावची परिषद झाली.

त्याच १९१९ साली सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या उत्तर भागातील शिकागो शहरात काय घडले ते पाहा. शहराला लागून मिशिगन नावाचे समुद्रासारखे अफाट सरोवर आहे. उन्हाळ्यात सारे शहर काठावर लोटते. गोऱ्यांचा काठ वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, असे कुठल्या कायद्यात लिहिले नव्हते, पण पाळले जाई. २७ जुलैला युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. पोलिसांनी त्या इसमाला पकडले नाही, दंगल पेटली, आणि त्यात ३८ माणसे मेली. पाण्यावर रेघ ओढता येत नाही असे आपण म्हणतो. शिकागोत ती ओढलेली होती आणि महाडातही.

पुढे तिथे कायदे बदलले. तलाव सर्वांना उघडे झाले. तरीही काळ्या समाजातील निम्म्याहून अधिक मुलांना आजही धड पोहता येत नाही, आणि बुडून मरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. आजोबांना तलावात मज्जाव, म्हणून बाप शिकला नाही, म्हणून नातू शिकला नाही. तिथल्या समाजाने हे ओळखले आणि मुलांना पोहायला शिकवणे ही चळवळीचीच एक बाजू मानली. आपण मात्र अजून हा विषय घरातल्या चार भिंतींतही काढत नाही.

रविवार, डबा आणि चटई

आधी पाण्याची ओळख तर होऊ द्या! त्यासाठी गोव्याला जायला नको. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पाच माणसांचे कुटुंब सिनेमाला नेऊन मध्यंतरात काहीबाही खाऊ घालायचे म्हटले तर जेवढा खर्च येतो, तेवढ्यात रंकाळ्याच्या चार-पाच फेऱ्या होतील, भेळेसकट.

रंकाळ्याबद्दल कोल्हापूरकराला नव्याने काय सांगावे? मुळात ती दगडाची खाण होती असे सांगतात. पश्चिमेला शालिनी पॅलेस, जो १९३० च्या दशकात बांधला. पाणी कमी झाले की डोके वर काढणारा संध्यामठ. काठाची पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटरची, म्हणजे घरातल्या मधुमेहाच्या पेशंटला उत्तम औषध. नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो आणि तळ्याला पोचला की जगबुडी होणार, ही गोष्ट पोरांना जरूर सांगा, पण पाठोपाठ हेही विचारा की तसे असते तर इतक्या शतकांत नंदी कुठवर गेला असता. गणिताचा अभ्यासही होईल.

रंकाळ्याच्या काठावर धुण्याची चावी म्हणून एक ठिकाण आहे. तळ्यात धुणे बुडवू नये, पाणी घाण होऊ नये, म्हणून तळ्याचे पाणी बाहेर घेऊन धुण्याची ही सोय केली होती. जुन्या लोकांना एवढी समज होती. पुढे शहर वाढले, नाले तळ्यात मिसळले, केंदाळ माजले, आणि ते काढण्यावर वेळोवेळी पैसा खर्च झाला. त्यामुळे रंकाळ्यावर फिरावे, बसावे, पक्षी बघावेत, पण मुलांना पोहायला तिथे उतरवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि शेजारच्या इराणी खणीपासून तर चार हात लांबच. खणीला उतरता काठ नसतो. एक पाऊल दगडावर, दुसरे थेट खोल पाण्यात.

कळंबा तलाव दक्षिणेला, कात्यायनीच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांवर भरणारा. संध्याकाळी बांधावर वारा छान लागतो. इथे धोका आहे तो गाळाचा. पाणी ओसरल्यावर कडेची जमीन वरून सुकलेली दिसते आणि पाय टाकला की गुडघाभर आत जाते. राजाराम तलाव विद्यापीठाच्या पलीकडे आहे. मोकळा आणि शांत, पण शांत म्हणजे हाकेला माणूस नाही हेही ध्यानात ठेवावे.

पूर्ण दिवसाची सहल काढायची असेल तर राधानगरीसारखे ठिकाण नाही. रंकाळा स्टँडवरून एसटी मिळते, पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे आईसाहेबांना 'खर्च कशाला' म्हणायला जागा उरलेली नाही. भोगावती नदीवरचे हे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केले. गावाला राधानगरी हे नाव राजकन्येवरून आणि जलाशयाला लक्ष्मी तलाव हे नाव महाराणींवरून. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. जलाशयात महाराजांचा बेनझीर व्हिला नावाचा बंगला आहे, तो पाणी उतरले की दिसतो. गावाजवळ हत्तीमहालाचे अवशेष आहेत. पलीकडे दाजीपूरचे गव्यांचे जंगल.

पण मुलांना मुद्दाम दाखवावे ते धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. तलाव काठोकाठ भरला की हे दरवाजे पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. ना वीज, ना बटण. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटते. तेव्हा पावसाळ्यात धरणाखाली भोगावतीच्या पात्रात उतरून फोटो काढण्याचा मोह कुणी करू नये. दरवाजा उघडताना तो कुणाची परवानगी विचारत नाही.

नदी आणि बंधारे

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि पाचवी मानलेली गुप्त सरस्वती, यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पंचगंगा घाटावर पहाटे पोहणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणारा वीरधवल खाडे याच कोल्हापूरचा. तेव्हा कोल्हापूरच्या पाण्याला गुण आहे यात शंका नाही. मात्र शहरात जयंती नाला नदीला मिळतो. जुनी माणसे त्यालाही नदीच म्हणत, आज त्याचे काय झाले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. खाली इचलकरंजीकडे तर पाण्याची आणखी दशा होते. २०१२ मध्ये तिथे काविळीची साथ येऊन माणसे दगावली. म्हणून नदीत पोहायचेच तर शहराच्या वरच्या अंगाला, जाणत्या माणसाबरोबर, आणि अंगावर जखम असेल तर नाही.

आता बंधाऱ्यांविषयी दोन शब्द. नदीत दगडी खांब उभे करायचे, पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत फळ्या घालून पाणी अडवायचे आणि पावसाआधी त्या काढून नदी मोकळी करायची, ही युक्ती आपल्या जिल्ह्याची. सगळ्या महाराष्ट्रात ती 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणूनच ओळखली जाते. अभिमानाची गोष्ट आहे. पण बंधाऱ्यावरून पाणी खाली पडते तिथे ते जागच्या जागी फिरत राहते. वरून फेस दिसतो, गंमत वाटते. आत सापडलेल्याला ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते आणि पट्टीचा पोहणाराही तिथे थकतो. पोरे नेमकी तिथेच सूर मारायला जातात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

पूर बघायला शिवाजी पुलावर जाणे हा तर कोल्हापूरकरांचा वार्षिक सोहळा! राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नदीकाठच्या सखल वस्त्यांना बिऱ्हाडे उचलून शाळांत राहावे लागले, त्यांना पुराची गंमत काय असते हे विचारू नये. पोहता येणाऱ्यानेही पुराच्या पाण्यात उतरायचे नसते, एवढेच इथे सांगतो.

माता-भगिनींसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यातली दहापैकी नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. चार वर्षांखालच्या मुलांना धोका सर्वांत जास्त, आणि त्यांना नदी लागत नाही, अंगणातला हौद नाहीतर न्हाणीतले पिंप पुरते. पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड, ही सवय घरोघर असावी.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा 'वाचवा, वाचवा' ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? मान मागे, तोंड पाण्याबरोबर, हात जागच्या जागी दाबल्यासारखे, आणि एकदम गप्प. काठावरच्यांना वाटते खेळतोय. पोरगे गप्प झाले की उठून बघावे. वाचवताना स्वतः उडी मारू नये. एकाच्या मागे दुसरा, तिसरा असे भाऊ-भाऊ गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बांबू, दोर, गाठ मारलेली साडी, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकावे. माणूस बाहेर आल्यावर पोट दाबणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे हे जुने उपाय सोडून द्यावेत, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे प्रशिक्षण कठीण नाही. एखाद्या डॉक्टर बांधवाला विहारात बोलावून एका रविवारी सगळ्या वस्तीला ते शिकवता येईल.

राहिला प्रश्न शिकण्याचा. शहरात अंबाई टँक आणि रमणमळा येथे महापालिकेने जलतरण तलाव बांधलेले आहेत. उन्हाळी वर्गांना गर्दी होते, म्हणून परीक्षा संपायची वाट न पाहता मार्चमध्येच चौकशी करावी. सहा-सात वर्षांचे मूल महिनाभरात शिकते. आधी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणे, मग काठ धरून पाय मारणे, मग पाठीवर तरंगणे. तरंगणे आले की अर्धे काम झाले, सूर आणि मुटके नंतर. भोपळा बांधून ढकलून देण्याची जुनी तऱ्हा मात्र नको, तिने शिकणारे शिकतात आणि उरलेले जन्मभर पाण्याला भितात.

मुलींच्या बाबतीत घरोघर तीच वाक्ये ऐकू येतात. कपडे कसले घालायचे? लोक काय म्हणतील? केस खराब होतील, रंग काळवंडेल. आम्ही विचारतो, त्याच पोरीला पोलीस भरतीसाठी मैदानावर पळवताना ही वाक्ये आडवी येतात का? पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख दुकानात मिळतो. पाळीचे चार दिवस सुट्टी घेता येते. महिलांसाठी वेगळी वेळ आणि महिला शिक्षिका हवी असेल तर तशी मागणी करावी. एकटी बाई विचारायला गेली तर उडवून लावतील, वस्तीतल्या दहा-बारा जणी मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन गेल्या तर ऐकून घ्यावेच लागते. अर्जाची पोच मागायला विसरू नये, हा आमचा कचेरीतला अनुभव.

ज्या घराला फी झेपत नाही, त्यासाठी मंडळांनी विचार करावा. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च आम्ही अनेक वर्षे लिहितो. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात किती पोरांची महिन्याची फी निघेल हा भागाकार आम्ही वहीच्या मागच्या पानावर करून ठेवला आहे, ज्यांना पाहायचा त्यांनी घरी यावे. त्या आजींनीही सांगून ठेवले आहे की नात जाणार असेल तर पहिल्या दिवशी त्या काठावर येऊन बसतील.